चढाई कोणाची, संघ कोणाचा?

कबड्डीच्या व्यावसायिक साखळीचा हंगाम सुरू झाला, की मैलूरमधील आमच्या घरात जेवणाची वेळ बदलते. एरवी आठच्या ठोक्याला पाने मांडली जातात; हंगामात मात्र सामना संपेपर्यंत भाकरीच्या टोपल्यावरचे फडके कोणी काढीत नाही. सामना संपल्यावरही जेवण शांतपणे होईल याचा भरवसा नसतो. कारण आमच्या घरात एक पक्ष पुण्याचा, एक मुंबईचा, एक बंगळूरचा, आणि वडीलधाऱ्यांचा एक छोटा पण हट्टी पक्ष हैदराबादचा आहे.

महाराष्ट्रातील पाहुण्यांना याचे नवल वाटते. ‘तुम्ही मराठी, मग पुणेरी पलटण नाही तर यू मुंबा, यापलीकडे प्रश्नच कोठे येतो?’ असे ते विचारतात. त्यांना आमचा भूगोल सांगावा लागतो. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत. पुणे त्याच्या जवळजवळ तिप्पट दूर. आणि आमच्या राज्याची राजधानी बंगळूर सातशेच्या घरात. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडचा भाग आंध्रात गेला, आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. आमचे आजोबा शेवटपर्यंत उदगीरला ‘आपला तालुका’ म्हणत. ज्या घराच्या सोयरिकी तीन राज्यांत पसरल्या आहेत, त्या घराने टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात, हे नकाशा पाहून ठरत नाही.

परंतु आजचा आमचा विषय कोणत्या संघाला मानावे हा नाही. घरातला खरा तंटा आहे तो चढाईचा. संघाची चढाई दुबळी पडली, की दुसऱ्या संघाचा नामांकित चढाईपटू भरपूर पैसे मोजून आणावा काय? आणि आपला मोहरा कोणी मागितला, तर त्याला जाऊ द्यावे काय? या दोन प्रश्नांवर आमच्याकडे भाकऱ्या निवल्या आहेत आणि दोन चुलतभावांनी चार-चार दिवस अबोला धरला आहे.

हा खेळ आपल्याला नवा नाही. महाराष्ट्रात तो हुतूतू म्हणून वाढला. १९१८ साली साताऱ्यात त्याच्या नियमांना आकार आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो जगापुढे दाखवला. दक्षिणेत त्याचे नाव चेडुगुडू. १९९० पासून तो आशियाई क्रीडास्पर्धांत खेळला जात आहे. एवढे असूनही कोणा हुतूतूपटूला विकत घ्यायला लोक रांग लावतील, असे आमच्या आजोबांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी ती थट्टाच मानली असती. २०१४ साली व्यावसायिक साखळी सुरू झाली, खेळाडूंचे लिलाव होऊ लागले, आणि मातीतल्या गड्याला कोटींचे मोल आले. ही गोष्ट आम्हाला आनंदाचीच वाटते. ज्यांच्या गुडघ्यांनी हा खेळ जगवला, त्यांच्या घरी चार पैसे यावेत, यात वावगे काय?

पण मोल आले की मोह येतो, आणि मोह आला की हिशेब चुकतो. आमच्या घरातले पहिले मोठे भांडण सिद्धार्थ देसाईवरून झाले. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला हा उंचापुरा गडी २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून प्रथमच साखळीत उतरला आणि त्या एका हंगामात त्याने दोनशेंवर गुण मिळवले. चंदगड म्हणजे आमच्यासारखाच सीमेवरचा मुलूख. तेव्हा आमच्या मुंबई पक्षाची छाती किती फुगली असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. पुढच्याच वर्षी लिलावात तो १ कोटी ४५ लाखांना हैदराबादच्या तेलुगू टायटन्सकडे गेला. ‘मुंबईची चढाई संपली!’ असे म्हणून आमच्या धाकट्या काकांनी त्या रात्री पानाला हात लावला नाही. हैदराबादकर मामांनी मात्र सगळ्यांना पेढे वाटले.

आणि झाले काय? २०१९ च्या हंगामात सिद्धार्थने हैदराबादसाठीही गुणांची रास ओतली. पण बारा संघांत त्याचा संघ अकरावा आला. उलट ज्या मुंबईने त्याला गमावले, ती फझल अत्राचली या इराणी कर्णधाराच्या आणि भक्कम पकडीच्या जोरावर उपांत्य फेरीत पोचली आणि बंगालकडून अवघ्या दोन गुणांनी, ३५-३७ अशी हरली. सिद्धार्थ असताना, आदल्या हंगामात, मुंबईला बाद फेरीतली पहिलीच पायरी चढता आली नव्हती. मामांचे पेढे आम्ही त्यांना अजून विसरू दिलेले नाहीत.

दुसरे उदाहरण याहून मोठे. पवन सेहरावतला २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने २ कोटी ६०.५ लाखांना घेतले. एवढी बोली तोवर साखळीत कोणावरच लागली नव्हती. आदल्या हंगामात या संघाने बावीस सामन्यांपैकी दोनच जिंकले होते. आता चित्र पालटेल, अशी मामांची खात्री होती. पवनने दोनशेंवर चढाईगुण मिळवले. आणि संघाने बावीसपैकी सामने जिंकले किती? पुन्हा दोनच!

येथे बंगळूर पक्ष हात वर करून उभा राहतो, आणि त्यांचेही ऐकले पाहिजे. हाच पवन बंगळूर बुल्सकडे असताना, जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण मिळवून गुजरातला ३८-३३ असे नमवले आणि कर्नाटकाला पहिले विजेतेपद आणून दिले. बडोद्याच्या वाचकांच्या मनातली ती जखम ताजी असेल, तर आम्ही क्षमा मागतो. २०१७ साली परदीप नरवालने एका हंगामात ३६९ चढाईगुण मिळवले आणि पाटण्याने सलग तिसरे विजेतेपद पटकावले. मग एकटा चढाईपटू संघाला तारीत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या मते या कोड्याचे उत्तर खेळाच्या एका जुन्या नियमात आहे. पूर्वी हुतूतू तीन तऱ्हांनी खेळत. ‘अमर’ प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे. ‘गामिनी’ प्रकारात तो बाहेर जाई आणि सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’ प्रकारात मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी परत येई. आजची कबड्डी ही संजीवनीची कबड्डी आहे. म्हणजे दोन कोटींचा चढाईपटू पकडला गेला, की तो बाकावर जाऊन बसतो. त्याचे सगळे बळ, सगळी कीर्ती त्या बाकावर निरुपयोगी असते. त्याला उठवायचे कोणी? कमी मोलाच्या दुसऱ्या चढाईपटूने एखादा गडी टिपून, किंवा कोपऱ्यात दबा धरून बसलेल्या रक्षकाने समोरच्या चढाईपटूचा घोटा धरून. चाळीस मिनिटांच्या सामन्यात मोठा चढाईपटू किती वेळ मैदानात राहतो, यावर त्याचे खरे मोल ठरते, आणि तो वेळ त्याच्या हातात नसून सोबत्यांच्या हातात असतो.

पवनच्या मागे बंगळूरला हे सोबती होते. परदीपच्या मागे पाटण्याला होते. हैदराबादला चढाईपटू मिळाला, पण त्याला संजीवनी देणारे हात पुरेसे मिळाले नाहीत. लिलावात गडी विकत मिळतो. त्याला उठवणारा सोबती त्याच बोलीत मिळत नाही.

पुणेरी पलटणचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पुण्यानेही पूर्वी मोठ्या नावांच्या मागे धावून पाहिले. पुढे त्यांनी तरुण गडी हाताशी धरून त्यांना एकत्र वाढू दिले. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत, आपला पंकज मोहिते आणि आकाश शिंदे, असे चढाईचे ओझे चौघांत वाटलेले. एक बसला की दुसरा उठवतो. अशा संघाला शिकवायला कर्नाटकाचे बी. सी. रमेश होते, ही गोष्ट आम्ही आमच्या बंगळूर पक्षाला अगत्याने सांगतो.

अर्थात पुण्याने लिलावात पैसे खर्चलेच नाहीत, असे नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात सुवर्णपदकाची झुंज झाली. पवन आपला कर्णधार, अस्लम त्याच संघात, आणि समोर इराणचा धिप्पाड मोहम्मदरेझा शादलुई. भारत ३३-२९ असा जिंकला, आणि आमच्या घरातल्या चारही पक्षांनी मिळून शादलुईला यथेच्छ बोल लावले. दोनच दिवसांनी मुंबईत लिलाव सुरू झाला आणि पुण्याने त्याच शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतले! शनिवारी ज्याच्या नावाने बोटे मोडली, त्याचेच नाव पुढच्या आठवड्यात आमची लहान मुले कौतुकाने घोकू लागली. पण ध्यानात घ्या, पुण्याने हे पैसे चढाईपटूवर टाकले नाहीत. चढाई घरी होती. उणीव पकडीची होती. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले.

गोष्ट येथे संपली असती, तर फार सोयीची झाली असती. पुढच्या लिलावात शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणाने विजेतेपद पटकावले, तेही पुण्याच्याच मैदानावर. पुण्याचा अस्लम त्या हंगामात दुखापतीने बाहेर गेला आणि संघ बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. मात्र २०२५ मध्ये तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात उभा होता, आणि दिल्लीकडून २८-३१ असा हरला. गेलेल्याचे दुःख करीत बसण्यापेक्षा राहिलेल्यांना घडवणे, एवढेच पुण्याने केले.

हे सारे शहाणपण आम्ही दूरचित्रवाणीपुढे बसून मोठ्या आवाजात सांगत असू. मग एके वर्षी तो प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला. आमचा पुतण्या मैलूरच्या पोरांच्या संघाचा मुख्य चढाईपटू. उदगीरकडच्या एका संघाने त्याला हंगामभर आपल्याकडून खेळण्याचे बोलावणे धाडले. राहणे-जेवणे त्यांचे, वर थोडे मानधन, आणि मुख्य म्हणजे मॅटवरचा रोजचा सराव. संध्याकाळी मैलूरची सगळी पोरे आमच्या ओसरीवर जमली. त्यांतला एक, घरी कन्नड बोलणारा आणि पुतण्याचा अगदी लहानपणापासूनचा सोबती, आमच्या वडील बंधूंना म्हणाला, ‘अण्णा, त्याला जाऊ देऊ नका. तो गेला तर आमच्यात चढाई करणारं कोण आहे?’

चारही पक्षांची तोंडे त्या दिवशी बंद झाली. पवनने कोठे जावे, हे सांगणे सोपे होते. घरातल्या मुलाची गोष्ट आली, तेव्हा आम्हाला कळले, की प्रत्येक लिलावामागे अशी एक ओसरी असते.

वडील बंधूंनी पुतण्यालाच विचारले. तो म्हणाला, ‘मला जायचंय. पण यांना असं सोडून नाही.’ मग तोडगा निघाला. त्याने महिनाभर थांबून त्या कन्नड सोबत्याला आणि आणखी एका धाकट्या पोराला आपल्या चढाईतल्या खुब्या शिकवायच्या. बोनसची रेषा कशी गाठायची, तिसऱ्या निर्णायक चढाईत डोके कसे थंड ठेवायचे, साखळी पकडीतून अंग कसे सोडवून घ्यायचे, ते सारे. मग जायचे.

तो गेला. त्याच्यावाचून मैलूरचे पहिले दोन्ही सामने गेले. तिसऱ्यात त्या सोबत्याने एका चढाईत दोन गडी टिपले, तेव्हा ओसरीवरचे सगळे मैदानाच्या कडेला नाचले. हंगामाच्या शेवटी एका जत्रेतल्या सामन्यांत उदगीरकडचा तो संघ आणि मैलूरचा संघ समोरासमोर आले. पुतण्या चढाईला आला. सोबत्याने उजव्या कोपऱ्यातून झेप घेऊन त्याचा घोटा धरला, आणि बाकीच्यांनी त्याला दाबून ठेवले.

टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हे आमच्यापैकी कोणी कोणाला विचारले नाही. बाकावर बसलेला पुतण्या स्वतःच टाळ्या वाजवत होता.