भिगवणची चिलापी आणि हिरवी वाईन

हिरवी वाईन म्हटल्यावर श्रोत्यांपैकी कुणाला पुदिन्याची चटणी आठवली असेल तर नवल नाही. पोर्तुगीज भाषेत तिचं नावच मुळी ‘विन्यो व्हेर्द’, म्हणजे हिरवी वाईन. बहुतेक बाटल्यांतली वाईन मात्र फिकट, पांढरी असते. हिरवी म्हणजे इथे कोवळी. द्राक्षं काढल्यावर थोड्याच महिन्यांत बाटलीत भरायची आणि वर्ष-दीड वर्षात पिऊन टाकायची. वाईन जुनी तितकी चांगली, हा समज तिच्या बाबतीत उपयोगाचा नाही.

पोर्तुगालच्या वायव्य कोपऱ्यातला मिन्यो हा पावसाळी मुलूख तिचं गाव. १९०८ साली त्याची हद्द कायद्याने आखली गेली. तिथले शेतकरी पूर्वी वेल झाडांवर आणि उंच मांडवांवर चढवत आणि खालच्या जमिनीत दुसरी पिकं घेत. आपल्या द्राक्षबागायतदारांना मांडव काही नवा नाही! अटलांटिकचा गारवा असल्यामुळे द्राक्षात साखर बेताची भरते आणि आंबटपणा टिकतो. साखरेचाच मद्यार्क होतो, त्यामुळे साध्या विन्यो व्हेर्दमध्ये तो नऊ ते साडेअकरा टक्क्यांच्या आसपास राहतो. शिवाय जिभेवर बारीकशी चुणचुण असते, सोड्याइतकी नव्हे.

आता हे सगळं भिगवणच्या माणसाला कशाला सांगायचं? तर माशासाठी. १९८० साली उजनीचं धरण पुरं झालं, भीमेचं पाणी मागे पसरलं आणि भिगवण माशांचं गाव झालं. इथली तिखट-मीठ लावून कुरकुरीत तळलेली चिलापी आपण लिंबू पिळून खातो. लिंबाचं काम तेलकटपणा तोडायचं. ही आंबट, गार वाईन नेमकं तेच करते. मद्यार्क जास्त असला की मिरचीची आग वाढते. इथे तो कमी, म्हणून तिखटाशी तिचं भांडण होत नाही. (मिरचीही पोर्तुगीजांनीच आपल्याकडे आणली, हे जाता जाता.)

तांबडी वाईन मात्र माशाबरोबर घेऊ नये. त्यात निव्वळ शिष्टाचार नाही. २००९ साली जपानमधल्या मर्सियन कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं की, वाईनमधल्या लोहामुळे माशाचा हिवस वास तोंडात उसळतो. तांबड्या वाईनमध्ये बहुधा हे लोह जास्त असतं.

पोर्तुगीज बाटली हवीच असं नाही. इंदापूर ओलांडून नीरेपलीकडे गेलं की अकलूजच्या परिसरात फ्रातेल्लीचे मळे आहेत. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ; मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन भावांच्या जोड्यांनी ही कंपनी काढली. त्यांची शेनँ ब्लाँ किंवा सोव्हिन्यों ब्लाँ ही आपली जवळची सोयरीक. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्ष थंडीत वाढतं, रात्रीच्या गारव्यात आम्ल टिकतं. ऊन चढलं की ते वेलीवरच उतरतं. म्हणून अशा वाईनसाठी काढणी लवकर, आणि शक्यतो पहाटे. आठ दिवस उशीर झाला की साखर वाढते आणि हातातला ताजेपणा जातो.

यात शेतकऱ्याचंही काही अडकलेलं आहे. २००८ नंतरच्या मंदीत वाईनची मागणी घसरली आणि नाशिककडे अनेकांनी वाईनच्या बागा उपटल्या. खाण्याच्या द्राक्षाला बाजारपेठ तरी असते. वाईनच्या बारीक, बियांच्या द्राक्षाला कारखान्याशिवाय गिऱ्हाईक नाही. हे पेय मोठ्या शहरांतल्या हॉटेलांपुरतंच राहिलं, तर बागायतदाराचा जीव टांगणीलाच राहणार. द्राक्षाच्या मुलखातल्या जेवणाशी त्याची ओळख व्हायला हवी, असं मला वाटतं ते यासाठी.

ज्यांना घ्यायची आहे आणि कायद्याने घेता येते, त्यांनी बाटली अर्धा तास बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवावी. मासा गरम आणि वाईन गार, एवढं जमलं की झालं. काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्याशी मात्र तिची गाठ घालू नका. लसूण-खोबऱ्यापुढे तिचा आवाजच ऐकू येत नाही. तिथे भाकरीच खरी, आणि न घेणाऱ्यांना दोन्हीकडे कोकम सरबत.