नायट्याचं औषध हरतं तेव्हा

बुरशीचं जग : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण झाडांच्या मुळांशी संसार मांडणाऱ्या बुरशा पाहिल्या. आज मुक्काम आपल्याच कातडीवर. कुणी नायटा म्हणतं, कुणी गजकर्ण. जांघेत, काखेत किंवा कमरेला जिथे परकराची नाडी, पँटचा पट्टा घट्ट बसतो, तिथे लालसर गोल चट्टा उठतो. कडा उंचावलेली, खवलेदार. मधली कातडी बरीचशी साफ. आणि खाज अशी की चारचौघांत बसणं मुश्कील. पूर्वी हा किरकोळ आजार मानला जाई. दोन-तीन आठवडे मलम लावलं की काम भागायचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात हे चित्र पार पालटलं आहे. महिनोन् महिने गोळ्या घेऊनही नायटा जात नाही, गेला तर परत येतो, आणि घरातल्या एकाचा सगळ्यांना होतो.

या बुरशांच्या गटाला डर्माटोफाइट म्हणतात. त्यांचं अन्न म्हणजे केराटिन, आपली वरची मृत त्वचा, नखं आणि केस ज्याचे बनतात ते चिवट प्रथिन. ते पचवणारी विकरं फारच थोड्या सजीवांकडे आहेत. बुरशीचे तंतू एका बिंदूपासून चहूबाजूंनी बाहेर सरकत जातात. जिथे ते ताजे पोचतात तिथे शरीर प्रतिकार करतं, रक्तपुरवठा वाढवतं, त्वचेचा वरचा थर भराभर झाडून टाकतं. म्हणून कडा लाल आणि मागे राहिलेला मधला भाग निवळलेला. नायट्याची गोलाई म्हणजे बुरशी आणि शरीर यांच्या झटापटीची सीमारेषा. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा या लाल कडेपाशीच होतो.

बुरशीवरची औषधं इतकी मोजकी का, हा प्रश्न मला जीवाणूंवरच्या औषधांची लांबलचक यादी पाहिली की हटकून पडतो. उत्तर उत्क्रांतीत आहे. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. आपला आणि तिचा समाईक पूर्वज शंभर कोटी वर्षांहूनही जुना, पण नात्याच्या खुणा पेशीपेशीत शिल्लक आहेत. जीवाणूंची पेशी आपल्यापेक्षा इतकी वेगळी की तिच्यावर नेम धरणं सोपं. बुरशीची पेशी मात्र आपल्यासारखीच: केंद्रक तसंच, प्रथिनं बनवण्याची यंत्रणाही बरीचशी तशीच. तिला मारणारं बहुतेक विष आपल्यालाही बाधतं.

एक फरक मात्र मोलाचा ठरला. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल. दोन्ही रेणू चुलतभावंडांसारखे दिसतात, पण हुबेहूब नाहीत. आजची बहुतेक बुरशीनाशक औषधं या छोट्याशा फटीतूनच आत शिरतात. अॅम्फोटेरिसिन बी अर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि पटल निकामी करतं. थोडंफार ते कोलेस्टेरॉललाही चिकटतं, म्हणून मूत्रपिंडांना इजा होते. 2021 च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर वणवण फिरत होते, ते हेच.

याच कुळातलं हॅमायसिन हे औषध आपल्या पिंपरीतलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून वेगळं केलं. त्या सूक्ष्मजीवाचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुण्या-पिंपरीच्या किती लोकांना हे ठाऊक असेल? हे शाळेच्या पुस्तकात यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नायट्यापुरतं बोलायचं तर एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ नावाची भुकटी फार गाजली. ती मूळची गोव्याची नव्हे. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातून निघणारा हा पदार्थ पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात यायचा, तिथून मुंबईच्या बाजारात. नायट्यावर ती लागू पडे, पण कातडीची आग होई आणि कपड्यांवर डाग पडत. खरी सोय झाली ती ग्रिसिओफुल्विनमुळे. पेनिसिलियम जातीच्याच एका बुरशीतून ते 1939 मध्ये मिळालं, आणि 1958 मध्ये पोटातून दिलं तरी नायटा बरा होतो हे गिनीपिगवर सिद्ध झालं. ते नव्याने बनणाऱ्या केराटिनमध्ये जाऊन बसतं. जुनी त्वचा झडते, तिच्याबरोबर बुरशीही, आणि खालून येणाऱ्या नव्या थरात तिला थारा मिळत नाही. बुरशीवर बुरशीचाच उतारा.

मग नव्वदच्या दशकात टर्बिनाफिन आलं. अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीत स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाचं विकर असतं. टर्बिनाफिन नेमकं त्यालाच अडवतं. आपल्याकडेही ते विकर आहे, पण या औषधाला ते फारसं दाद देत नाही. त्वचेत आणि नखांत औषध दीर्घकाळ टिकतं. इतकं सोयीचं औषध क्वचितच मिळतं.

तेच आता भारतात हरताना दिसतं आहे. दिल्ली आणि चंदीगडच्या प्रयोगशाळांनी 2018 च्या सुमारास नायट्याच्या बुरशीचे नमुने तपासले, तेव्हा टर्बिनाफिनला न जुमानणारे वाण मोठ्या प्रमाणात सापडले. कारण जनुकातल्या बारीकशा बदलात होतं. त्या विकराच्या प्रथिनसाखळीत 397 व्या जागी फेनिलअॅलनिन हे अमिनो आम्ल असायला हवं, तिथे ल्युसिन आलं होतं. शेकडो दुव्यांच्या साखळीतला एक दुवा बदलला, औषधाची बसायची जागा गेली, विकराचं काम मात्र चालूच राहिलं. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या रुग्णांमधल्या अशा बुरशीला स्वतंत्र जातीचं नाव दिलं : ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या एकीने अलीकडे परदेश प्रवासच केलेला नव्हता.

हे भारतातच का वाढलं? उष्ण, दमट हवा आणि दाटीवाटीची घरं ही कारणं आहेतच. पण ती पूर्वीही होती. नवं काय, तर औषधाच्या दुकानात मागेल त्याला मिळणाऱ्या मिश्र मलमाच्या ट्यूब. एकाच ट्यूबमध्ये थोडं बुरशीनाशक, थोडं जीवाणूनाशक आणि क्लोबेटासॉलसारखं अतिशय तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइड प्रतिकार दाबतं. लाली जाते, खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो. बुरशीला मात्र राखणदार झोपलेलं शेत मोकळं मिळतं. ती मेलेली नसते, नुसती दिसेनाशी झालेली असते. मलम थांबवलं की दुप्पट उसळते. मग पुन्हा तीच ट्यूब. अशा वापराने जांघेतली त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमचे ओरखड्यासारखे पट्टे उमटतात. अर्धवट औषधात तगून राहणाऱ्या बुरशीतूनच चिवट वाण निवडले जातात, असा संशोधकांचा दाट संशय आहे. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही काउंटरवर ‘नायट्याचं काहीतरी द्या’ म्हटलं की काय हातात पडतं, हे आपण सगळे जाणतो. मला हा निष्काळजीपणा अक्षम्य वाटतो, विकणाऱ्याचाही आणि बनवणाऱ्याचाही.

खरं निदान तर किती स्वस्त! चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्याने थोडे खवले खरवडायचे, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि काही मिनिटं थांबायचं. केराटिन विरघळून पारदर्शक होतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. दिसले तर नायटा. उपचार सुरू झाला की चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवायचं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार त्याच वेळी करायचे. टॉवेल आणि आतले कपडे ज्याचे त्याचे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेले. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची. ओलसर, घट्ट जीन्स काही दिवस कपाटातच राहू द्यायची.

पुढच्या लेखात कँडिडा ऑरिस : 2009 साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम सापडलेली आणि आता जगभरच्या अतिदक्षता विभागांना घाम फोडणारी बुरशी.