चांदबिबी: तलवारीच्या आधी आणि नंतर

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड इथे लिहून देतोय.

राहात्यात शिकताना आमची सहल एकदा तरी नगरला जायचीच, आणि नगर म्हटलं की चांदबिबी महाल. डोंगरावरची तीन मजली दगडी इमारत. राणी इथेच राहायची असं मला बरीच वर्षं वाटत होतं. इंजिनिअरिंगला असताना कळलं की ती निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे! चांदबिबी लढली ती खाली, शहरातल्या भुईकोट किल्ल्यात. आपण तिचं नाव दुसऱ्याच इमारतीला दिलं आणि तिची गोष्टही अर्धीच लक्षात ठेवली: बुरखा, तलवार, तट.

पूर्ण गोष्ट भाऊबंदकीची आहे.

चांदबिबी नगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. 1580 मध्ये नवरा मारला गेला, गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम बसला आणि कारभार हिच्याकडे आला. तिथे किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यात टाकलं. पुढे सुटली. पण लहान पोराच्या नावाने राज्य सांभाळणं म्हणजे काय, हे तिने तिथेच भोगलं होतं.

पुढे ती माहेरी आली. 1595 मध्ये तिचा भाचा इब्राहिम निजामशहा लढाईत पडला आणि एका गादीसाठी चार नावं पुढे आली. मियाँ मंजूचा अहमद, इखलासखानाचा मोती, अभंगखानाचा म्हातारा शाह अली आणि चांदबिबीचा बहादूर, म्हणजे त्या भाच्याचंच तान्हं पोर. चार ब्रांच, एकही मर्ज होईना! मियाँ मंजूने तर कहर केला. घरातल्या भांडणात थेट अकबराच्या मुलाला, मुरादला, मदतीला बोलावलं. नंतर पस्तावला, पण मोगल फौज डिसेंबर 1595 मध्ये नगरच्या दारात उभी राहिली.

तटाखालचे सुरुंग आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडालाच. भिंतीला मोठं खिंडार पडलं. तेव्हा ती तलवार घेऊन तिथे उभी राहिली आणि रातोरात भिंत बुजवून घेतली. हे सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर तिने जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं. 1596 च्या तहात तिने वऱ्हाड सोडलं आणि बदल्यात बहादूरला सुलतान म्हणून मान्य करून घेतलं. विजापूरची कुमक वाटेत होती, मुरादच्या छावणीत धान्य संपत आलं होतं, तरी तिने ताणलं नाही. माझ्या मते बरोबर केलं.

इंग्लंडच्या मार्गारेट ऑफ अंजूचंही असंच. नवरा, सहावा हेन्री, राज्य चालवण्याच्या स्थितीत नव्हता. 1460 मध्ये तिच्या पोराचा वारसाहक्क काढून यॉर्क घराण्याला दिला, म्हणून ती फौज उभी करून लढली. 1471 मध्ये ट्यूक्सबरीला तो मुलगाच मारला गेला. पण तिला निदान मारलं नाही; आधी कैद, मग फ्रान्सला रवानगी.

चांदबिबीला तेवढंही मिळालं नाही. तिनेच नेमलेला वजीर उलटला. मग अभंगखानाशी बिनसलं. 1600 मध्ये अकबराचा दुसरा मुलगा दानियाल किल्ल्याला भिडला. बाहेरून मदत येणार नव्हती. किल्ला द्यावा, पण बहादूरला घेऊन जुन्नरला सुखरूप निघून जावं, असं तिच्या मनात होतं. हे कळताच हमीदखान ‘ही मोगलांना फितूर झाली’ असं ओरडत बाहेर पडला आणि तिच्याच लोकांनी आत घुसून तिला ठार केलं.

ऑगस्ट 1600 मध्ये किल्ला पडलाच. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत धाडलं.

निजामशाही मात्र तिथे संपली नाही. मलिक अंबरने दुसराच वारस उभा केला. त्याच्यावर पुढच्या एपिसोडमध्ये बोलू. तोवर नगरला गेलात तर आधी किल्ल्याचा तट बघा, मग डोंगर चढा.