चिक्कीचे खोके आणि चुंबक

मावळातल्या एका गावात मी बरीच वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत दहा-बारा मुले जमू लागली. पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने मासेमारीचा खेळ तयार करून ठेवला होता. कागदाचे मासे, प्रत्येकाच्या तोंडाला यू-पिन, काठीला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला चुंबक. रंगरंगोटीही माझीच. मुलांनी दहा मिनिटांत सगळे मासे पकडले, पुन्हा एकदा पकडले आणि ती अंगणात विटीदांडू खेळायला पळाली. चूक त्यांची नव्हती. त्यांना करायला मी काही शिल्लकच ठेवले नव्हते.

पुढच्या रविवारी मी नुसते सामान मांडले. चिक्कीची रिकामी खोकी (ती लोणावळ्याच्या आसपास कुणाच्याही घरी निघतात), आगपेट्या, बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणे, संपलेल्या रिफिली आणि मेदूवड्यासारखी मधे भोक असलेली काळी चुंबके. ही चुंबके इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमध्येही असेच एक मोठे चुंबक असते. यातून चालणारे काहीतरी करा, एवढेच मी सांगितले.

दोघी बहिणींनी खोक्याच्या झाकणावर भुशी धरण रंगवले. कागदी माकडाच्या पायाला यू-पिन लावली आणि झाकणाखालून चुंबक फिरवून त्याला पर्यटकांच्या हातातली चिक्की पळवायला लावली. नाटक तासभर चालले.

रुळांशेजारी राहणाऱ्या एका अबोल मुलाने गाडी केली. कर्जतहून बोरघाट चढताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ आहे. या इंजिनांना आपल्याकडे सगळे बँकर म्हणतात. लोणावळ्याला ती सुटतात. या मुलाने आगपेटीला झाकणांची चाके आणि रिफिलीचा आस बसवून डबा केला, त्याच्या पाठीला एक चुंबक उभे चिकटवले. दुसऱ्या आगपेटीच्या तोंडाला दुसरे. सारखे ध्रुव समोरासमोर. मागची आगपेटी हाताने सरकवली की पुढचा डबा तिला न शिवताच पळायचा! पण वीतभर गेला की गर्रकन वळायचा आणि मागच्या आगपेटीला टकदिशी चिकटायचा.

‘‘गुरुजी, सरळ का जात नाही?’’ त्याने विचारले. उत्तर माझ्या ओठांवर आले होते, ते गिळणे मला फार जड गेले. जन्मभराची सवय ना! दुपारपर्यंत त्याने खोके कापून दोन्ही कडा वर दुमडल्या आणि घाटाच्या भिंती केल्या. गाडी सरळ धावू लागली.

त्याला सापडले ते असे. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात, पण त्या ढकलण्यात स्थिर बसायला जागा नसते. चुंबक बाजूला निसटते, नाहीतर उलटे फिरून विरुद्ध ध्रुव पुढे करते. सॅम्युएल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तातून हेच निघते : नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरे चुंबक हवेत अधांतरी टिकत नाही, कुठेतरी टेकू लागतो. अरविंद गुप्तांची तरंगणारी पेन्सिल अनेकांनी पाहिली असेल. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्याच्या टेल्कोत होते, पुढे ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यात जुन्या रबरी चपलेच्या तुकड्यात चार चुंबके बसवलेली असतात आणि दोन पेन्सिलीवर चढवलेली. पेन्सिल हवेत तरंगते, पण तिचे टोक एका उभ्या सीडीला टेकलेले असते. सीडी काढा, पेन्सिल लगेच उडून पडते.

आता एक धास्तीची गोष्ट. एकदा मी खराब झालेल्या इअरफोनमधली बारीक चुंबकेही काढून दिली होती. खेळ आवरताना दोन कमी भरली. एका मुलीचा चार वर्षांचा भाऊ तिथेच बसला होता. माझ्या हातापायांतले बळ गेले. ही निओडिमियमची चुंबके आकाराने मसुरीएवढी, पण जोर मोठा. एक गिळले तर बहुधा शौचावाटे पडते. दोन गिळली, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेढ्यांमधून ती एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे भोक पडते. सुरुवातीला नुसती पोटदुखी किंवा उलटी, म्हणून घरचे अपचन समजून बसतात. अशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे, एक्स-रे काढावा. आमची दोन्ही चुंबके लोखंडी खुर्चीच्या पायाला आतून चिकटलेली सापडली. त्या दिवसापासून तोंडात मावेल असे चुंबक पडवीत येत नाही, आणि आधी मोजणी, नंतर मोजणी.

चुंबके मात्र विकत आणलेली असली, तरी त्यांना चिकटणारे सगळे दुकानातून आणावे लागत नाही. पाऊस ओसरला की चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या वाळूतून फिरवा. पिशवीला काळे कण केसांसारखे उभे राहतात. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढले की कण खाली पडतात. हे मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातले लोहखनिज. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा थंड होताना या कणांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची तेव्हाची दिशा जणू टिपून ठेवली. १९५० च्या दशकात शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांतली ही दिशा मोजली आणि ध्यानात आले, की तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, पुढे ती उत्तरेला सरकली.

मुलांनी पारदर्शक झाकणाच्या डबीत चेहरा काढला, त्यात ही वाळू घालून डबी चिकटपट्टीने बंद केली. मागून चुंबक फिरवले की चेहऱ्याला हवी तशी दाढी, मिशा, जटा! रुळांशेजारच्या मुलाने मात्र आपल्या वाट्याची वाळू बँकरमध्ये भरली. म्हणाला, कोळसा.

‘‘अरे, घाटात विजेची इंजिने असतात,’’ मी म्हटले.

‘‘हे जुने आहे,’’ तो म्हणाला आणि गाडी सोडली.