गोधडीचा टाका : हाताचा सराव आणि राहिलेल्या कामांची पूर्तता

वापरून मऊ झालेल्या सुती कापडांचे थर एकावर एक अंथरून ते हाताने शिवले की गोधडी तयार होते. महाराष्ट्राच्या काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात. लुगडी वरच्या आणि खालच्या अंगाला, तर धोतरे, सदरे व विटलेल्या चादरी आतल्या भरावाला, अशी तिची रचना साधारणतः असते. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही याच कुळातील कामे होत, कारण या सर्वांचा पाया धावदोरा, म्हणजे सुई खाली-वर नेत सरळ ओळीत घातलेला टाका, हाच आहे. कांथ्यात तर नक्षीही त्याच टाक्याने भरतात आणि नक्षीभोवतालची मोकळी जागाही त्यानेच शिवतात, त्यामुळे कापडावर बारीक लहरी उमटतात. भरतकाम आणि शिवण यांचा टाका असा एकच असल्याने हात सुधारणे आणि पेटीत पडून असलेली गोधडी पुरी करणे ही एकाच श्रमात साधणारी कामे ठरतात.

धावदोऱ्याची प्रत टाक्याच्या बारीकपणापेक्षा त्याच्या सारखेपणावर ठरते. सुईवर एकदम तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढल्यास त्यांची लांबी सुईवरच नजरेला पडते आणि चूक वेळीच सुधारता येते. दोरा हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा पुन्हा पुन्हा कापडातून घासला जाऊन पिंजतो व गुंततो. जाड थरांसाठी मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलण्याची धातूची टोपी, घालावी. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात आणि सैल सोडला तर टाका पायाच्या बोटांत अडकून तुटतो. म्हणून प्रत्येक ओढीनंतर शिवलेल्या ओळीवरून अंगठा फिरवून कापड सपाट करावे. नवशिक्या हाताला चौकडीच्या कापडावरचा सराव सोयीचा असतो, कारण त्यावरील रेघा टाक्यांचे माप दाखवतात.

गोधडी बहुधा काठाकडून मध्याकडे चौकोनी फेऱ्यांनी शिवत नेतात. आतली फेरी बाहेरच्या फेरीपेक्षा लहान असली तरी काम नेमके तिथेच अडते, कारण थरांचे सारे वजन मांडीवर येते आणि खालचा हात मध्यापर्यंत सहज पोहोचत नाही. त्यात कच्चे टाके, म्हणजे थर सरकू नयेत म्हणून तात्पुरते घातलेले लांब टाके, निघून गेले असतील तर मध्यभागी कापडाचा फुगा येतो.

असे काम पुन्हा हाती घेताना गोधडी उन्हात पसरून कसर लागली आहे का ते पाहावे, ती जमिनीवर ताणून अंथरावी, फुगा शिल्लक भागात सारखा वाटून द्यावा आणि कच्चे टाके नव्याने घालावेत. मधल्या काळात हाताची ओढ बदललेली असते, म्हणून तेवढ्याच जाडीच्या चिंध्यांवर आधी थोडे शिवून जुन्या ओळींशी ताडून पाहावे. जुने वाकडे टाके उसवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण विरलेले कापड टाक्याच्या भोकांपाशीच फाटते. अशी अनेक कामे साठली असल्यास ज्याचे कच्चे टाके शाबूत आहेत आणि फेऱ्या थोड्याच उरल्या आहेत ते आधी घ्यावे, म्हणजे हात बसेल आणि बारीक नक्षीचे काम त्या बसलेल्या हाताच्या वाट्याला येईल. प्रत्येक बैठक फेरीच्या कोपऱ्यावर संपवावी, कारण ओढीतला फरक कोपऱ्यात खपून जातो, सरळ ओळीत मात्र लगेच उठून दिसतो.