उधारीची वही आणि पक्कं बिल

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातलं धावडा म्हणजे मिरचीचा पट्टा. कपाशीचा पैसा दिवाळीच्या आसपास हातात येतो. मिरचीचा मात्र तोड्यागणिक. म्हणून उन्हाळ्यात लागवडीला नेलेलं बियाणं, खत, मल्चिंग पेपर पावसाळ्यातल्या तोड्यांवर थोडं थोडं फेडता येतं. इथलं कृषी सेवा केंद्राचं आणि शेतकऱ्याचं नातं या चालीवर बसलेलं आहे.

मागं वळून पाहिलं तर या नात्याची सुरुवात जालन्यापासून करावी लागते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही संकरित बियाण्यांची कंपनी काढली. त्याआधी पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यानं त्यांनी हात बसवला होता. संकरित बियाणं दरवर्षी नव्यानं विकत घ्यावं लागतं. घरचं बी राखणाऱ्या माणसाला हे पटवणं सोपं नव्हतं. पण आजूबाजूच्या कैक शेतकऱ्यांकडूनच बीजोत्पादन करून घेतलं गेलं. हातानं परागीकरण करणाऱ्या बाया याच गावांतल्या. ज्याच्या शेतात बियाणं तयार होतं, तोच पुढं पिशवी विकत घेतो. कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं असावं, असं मला वाटतं. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

गावपातळीवर मात्र भरवसा कंपनीवर नसतो, दुकानदारावर असतो. शेतकरी मिरचीचा शेंडा तोडून आणतो, काउंटरवर ठेवतो. पानं वर मुडपलेली. दुकानदार पान उलटं करून मागची बाजू उजेडाला धरतो, फुलकिडे शोधतो. चांगला असेल तर एकच औषध देतो आणि चार दिवसांनी परत दाखवायला सांगतो. दुसरा तीन बाटल्या पुढं सरकवतो. शेतकऱ्याची उधारी असली की बाटल्या नाकारायला जीभ रेटत नाही. वहीनं माणूस जोडला जातो तसा बांधलाही जातो, हे दुकानदारांच्या कौतुकात सहसा कुणी सांगत नाही.

बियाणं उगवलं नाही की खरी परीक्षा. पूर्वी सगळं तोंडी, पावती नाही. जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शेतकऱ्याला ग्राहक मंचात दाद मागता येते हे पक्कं केलं. तेव्हापासून पिशवी, टॅग आणि पक्कं बिल जपायची सवय हळूहळू लागतेय. पण तालुक्याच्या तक्रार समितीकडं अर्ज जाण्याआधी जो दुकानदार स्वतः शिवारात येऊन ओळी बघतो, त्याच्याकडं पुढच्या हंगामात गिऱ्हाईक टिकतं. स्वतःच्या दुकानाचं बिल असूनही अंग चोरणाऱ्याची गोष्ट बाजाराच्या दिवशी अख्ख्या पट्ट्यात फिरते.

२०१७ च्या अखेरीस खतविक्रीसाठी अंगठ्याचा ठसा घेणारं पॉस मशीन आलं. कामानं झिजलेले अंगठे ते ओळखत नाही. मग घरातला पोरगा अंगठ्यासाठी गावातून बोलवावा लागतो. वीस वर्षांचं खातं असलेल्यालाही त्यातून सुटका नाही.

त्याहून वाईट लिंकिंग. युरियाच्या गोणीसोबत नको असलेली पिशवी किंवा बाटली गळ्यात मारायची. दुकानदार म्हणतात, आम्हाला वरूनच तसा माल येतो. तेही खरं असेल. पण गोणी उचलून देणारा चेहरा गावातला असतो, आणि शिव्याही त्यालाच बसतात.