बत्तीसचा पाइप, एक इंची एल्बो

युरोपात तरणतलावांचं आणि माशांच्या तळ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांत प्लॅस्टिकचं एक बारकं कडं मिळतं. बाहेरचा व्यास ५० मिलिमीटर, आतला ४८.३. म्हणजे भिंतीची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. हातात घेतलं तर एखाद्या मोठ्या फिटिंगची तुटलेली कड वाटावी. पण दीड इंची पाइप या कड्यात बसतो, कडं ५० मिलिमीटरच्या सॉकेटात बसतं, आणि एरवी कधीच न जुळणाऱ्या दोन मापांतून पाणी न गळता पुढे जातं. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात हे कडं सहसा दिसत नाही. गरज मात्र आपल्याला कमी नाही, कारण मेट्रिक आणि इंची अशा दोन्ही कुळांतले पाइप आपल्याकडे एकाच फळीवर ठेवलेले असतात.

ही अडचण नेमकी जाणवते ती घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांना. गोड्या पाण्याच्या छोट्या टाकीला एक फिल्टर लटकवला की भागतं. प्रवाळ आणि समुद्री मासे ठेवायचे, तर बहुतेक जण टाकीच्या काचेला भोक पाडून टँक कनेक्टर बसवतात. वरचं पाणी त्यातून खालच्या संपमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि पंप ते परत वर चढवतो. हे चक्र दिवसरात्र चालू असतं. त्यात ओव्हरफ्लोचा डबा अमेरिकेहून आलेला, पंप जर्मन नाहीतर चिनी, आणि मधला पाइप कोपऱ्यावरच्या दुकानातला. जो तो आपापल्या देशाचं माप घेऊन येतो.

“दादा, एक इंची एल्बो द्या,” असं म्हटलं की जाणता दुकानदार एल्बो काढण्याआधी विचारतो, “पाइप कुठला आहे? शेतीचा की बिल्डिंगचा?” हा प्रश्न ज्याला कळला त्याचं निम्मं काम झालं. शेतीचा म्हणजे आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा पाइप: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३. हे आकडे मिलिमीटरचे, आणि पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचे. बोलताना त्यांनाच अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड आणि दोन इंची म्हणतात. बिल्डिंगचा म्हणजे अमेरिकी मापाचा, शेड्यूल ४० किंवा ८० चा. त्यातला एक इंची पाइप बाहेरून ३३.४ मिलिमीटर भरतो. दोघांनाही आपण एक इंचीच म्हणतो, आणि दोघांत १.४ मिलिमीटरचा फरक आहे.

हे ३३.४ आलं लोखंडी नळ्यांच्या काळातून. एकोणिसाव्या शतकात गॅसच्या आणि वाफेच्या नळ्या आतल्या पोकळीवरून ओळखल्या जात. एक इंच पोकळी आणि तिच्याभोवती लोखंडाची जाड भिंत. पुढे धातू सुधारला, भिंत पातळ करता येऊ लागली. पण आटे बाहेरच्या अंगावर पाडलेले असत, आणि जुन्या फिटिंग वाया जाऊ नयेत म्हणून बाहेरचा व्यास तसाच ठेवून पोकळी वाढू दिली. अमेरिकेत रॉबर्ट ब्रिग्ज या अभियंत्याने हे व्यास आणि त्यांवरचे आटे सूत्रात बसवले, आणि १८८६ साली ते प्रमाण म्हणून मान्य झाले. प्लॅस्टिक आलं तेव्हा त्यानेही लोखंडाचीच मापं उचलली. त्यामुळे शेड्यूल ४० च्या एक इंची पाइपात नेमका एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, कुठेच सापडत नाही. आत २६.६, बाहेर ३३.४.

मेट्रिक आकड्यांची कुळी निराळी, आणि मला ती फार देखणी वाटते. फ्रेंच सैन्यातला अभियंता शार्ल रनार याच्याकडे १८७० च्या दशकात बलूनचे दोरखंड होते, ४२५ निरनिराळ्या जाडींचे. त्याने ते १७ वर आणले. युक्ती अशी, की जाडी ठरावीक अंतराने न वाढवता ठरावीक पटीने वाढवायची. त्यातून जी माळ तयार झाली ती १०, १२.५, १६, २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३ अशी चालते. प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण सव्वापट. पाइपवाल्यांनी ३१.५ चे ३२ केले, बाकीचे आकडे तसेच घेतले. उसाच्या फडात ६३ चा पाइप टाकणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला तो आकडा विचित्र वाटत असेल, तर त्याचा उगम हा आहे. ७५, ९० आणि ११० वर मात्र ही माळ सुटते.

सगळ्यात फसवा आकडा २५ चा. शेतीच्या पाइपावर २५ छापलेलं असेल तर पाइप बाहेरून २५ मिलिमीटरच असतो. सीपीव्हीसीच्या पाइपावर २५ म्हणजे एक इंची, आणि तो बाहेरून २८.६ असतो, कारण सीपीव्हीसीची मापं अमेरिकेतल्या तांब्याच्या नळ्यांवर बेतलेली आहेत. शेड्यूलच्या पाइपावरही २५ लिहितात, तो बाहेरून ३३.४. आणि जपानी उपकरणाबरोबर आलेला व्हीपी २५ जातीचा तुकडा बाहेरून ३२, म्हणजे आपल्या शेतीच्या एक इंचीएवढा. छापलेल्या आकड्यावर विसंबून ऑनलाइन मागवलेली फिटिंग परत पाठवावी लागते ती यामुळेच.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी पाइपाभोवती घट्ट गुंडाळावी, जिथे टोक जुळतं तिथे पेन्सिलीची खूण करावी आणि पट्टी सरळ करून मोजावी. ३२ च्या पाइपाला १००.५ मिलिमीटर भरतात, ३३.४ च्या पाइपाला जवळपास १०५. व्यासातला फरक डोळ्याला कळत नाही, परिघात तो तिपटीहून जास्त दिसतो आणि शाळेच्या फूटपट्टीवरही पकडता येतो. दुकानात जाताना ही पट्टी खिशात ठेवावी. पाइपाचा कापलेला तुकडा सोबत नेला तर आणखी चांगलं.

दीड मिलिमीटरने एवढं काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. ज्याला आपण सोल्युशन म्हणतो त्याचं काम चिकटवण्याचं नाही. ते पाइपाचा आणि सॉकेटाचा पृष्ठभाग विरघळवून मऊ करतं, आणि दोन्ही एकमेकांवर दाबले गेले की ते मिळून एक होतात. त्यासाठी सॉकेट आत किंचित निमुळतं केलेलं असतं; कोरडा पाइप एक तृतीयांश ते दोन तृतीयांश आत गेला की अडायला हवा. ३२ चा पाइप ३३.४ च्या सॉकेटात तळापर्यंत सहज जातो. एका बाजूला टेकतो, दुसरीकडे फट राहते. त्या फटीत ओतलेलं सोल्युशन सुकताना आक्रसतं आणि मागे पोकळ्या राहतात.

शिवारात यावर पाइपाचं टोक जाळावर गरम करून फुगवण्याचा उपाय सर्रास करतात. पाण्याच्या पाळीपुरता तो चालतोही. टाकीसाठी मी तो कधीच सुचवणार नाही. ताणलेली भिंत एका बाजूला पातळ होते, आणि गोलाई हाताच्या अंदाजावर राहते. दिवाणखान्यात तीनशे लिटर खारं पाणी उभं असताना अंदाजावर विसंबू नये. खाऱ्या पाण्याचा एक गुण मात्र इथे उपयोगी पडतो: पाझर अगदी बारीक असला, तरी थेंब खाली पडण्याआधी सांध्यावर मिठाची पांढरी, खरखरीत कड धरते. रोज टॉर्च घेऊन सांधे पाहणाऱ्याला गळती आधी मिठात दिसते.

मग जोडायचं कसं? सर्वांत भरवशाचा मार्ग आट्यांचा. आटे जगभर अजून इंचातच आहेत, अगदी जर्मनीतही. ३२ च्या पाइपावर एफटीए, म्हणजे आतून आटे असलेला ॲडॅप्टर, बसवायचा, एक इंची पाइपावर एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेला, आणि दोन्ही आट्यांवर एकमेकांत फिरवायचे. पाइपांचे व्यास मग एकमेकांना भेटतच नाहीत. फक्त दोन्हीकडचे आटे एकाच जातीचे हवेत. आपल्याकडे आणि युरोपात ब्रिटिश बीएसपी चालतो. त्याचा कोन ५५ अंशांचा, १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने सुचवलेला. अमेरिकेत एनपीटी, त्याचा कोन ६० अंशांचा. एक इंचीत बीएसपीला दर इंचाला ११ आटे आणि एनपीटीला साडेअकरा, म्हणून दोन-तीन फेऱ्यांतच अडतं आणि चूक लगेच कळते. धोका अर्धा आणि पाऊण इंचीत आहे. तिथे दोन्हीकडे १४ आटे, त्यामुळे एकात दुसरा छान फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो. पण कोन जुळत नसल्याने आट्यांच्या कडेने पाण्याला वळणावळणाची वाट मोकळी राहते. टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी ती वाट पुढेमागे पाझरते. अमेरिकी डब्याला एनपीटीपासून बीएसपीपर्यंत नेणारं वेगळं ॲडॅप्टरच लावावं.

आणखी एक काळजी जिवांची आहे. आपल्याकडे प्लंबिंगच्या एमटीए-एफटीएत पितळी आटे बसवलेले असतात, आणि नळकामाला ते फार चांगले. खाऱ्या पाण्याच्या टाकीत ते नकोत. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं, आणि माशाला सोसणारी मात्रा कोळंबीला, गोगलगाईला, प्रवाळाला मारते. संपूर्ण प्लॅस्टिकची फिटिंग मागून घ्यावी, आणि ती पान्याने आवळताना हात राखून आवळावी, कारण प्लॅस्टिकचा आतला आटा चिरतो.

पंपाशी मऊ नळी लावायची असेल तर काम सोपं आहे. जर्मन आयहाइमची १२/१६ ची नळी आतून १२ मिलिमीटर, अमेरिकी अर्धा इंची १२.७, त्यांची १६/२२ ची आतून १६, अमेरिकी पाच अष्टमांश इंची १५.९. क्लॅम्प आवळला की नळी तेवढा फरक पोटात घेते. नळी घट्ट होत असेल तर टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करावं.

ॲडॅप्टर कुठे बसवायचं हेही महत्त्वाचं. दर बदलाला पोकळी थोडी आवळते, आणि आतला व्यास पाचव्या भागाने घटला तर तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळजवळ तिप्पट होतं. पंपाच्या पुढे, वर चढणाऱ्या वाटेवर हे चालतं. पाणी थोडं कमी येईल इतकंच. टाकीतून खाली उतरणाऱ्या वाटेवर माप कधी कमी करू नये. तिथे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने येतं, आणि वाट तुंबली तर टाकी काठावरून वाहते. उतरती वाट बदलायचीच असेल तर लहानातून मोठ्यात न्यावी.

माझ्या मते ॲडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, घालण्याचा खर्च कधीही टाळू नये. आज लावलेला पंप काही वर्षांनी बंद पडेल, नवा कदाचित दुसऱ्या देशाच्या आट्यांचा येईल. युनियन असतील तर मधला हातभर तुकडा सोडवून दुकानात नेता येतो, जुळणारा नवा बनवून लावता येतो, आणि टाकीच्या काचेतल्या कनेक्टरला कोणी हातही लावत नाही.